डेल्फिनचा पूर्ण पगार

॥ येशू मरिया योसेफ ॥

सिअ‍ॅटल, ९ एप्रिल २०१८

चि. मिनिया हिस,
तुझ्या थोरल्या बहिणीचे, मनांग फेलिसाचे, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. मठात कोकरू काढणारी सिस्टर बदललेली दिसते. ह्या वेळचं कोकरू मला आपल्या गावच्या बोकडासारखं वाटलं. डेल्फिनने तरी ते फ्रिजवर लावलंय आणि येईल त्याला दाखवतो, की हे माझ्या आंटीने पाठवलं, ती आयोवात भिंतीच्या आत राहते आणि देवाशी बोलते.

तुझ्याकडे फोन फक्त कोणी गेलं तरच चालतो, आणि इथे अजून कोणी गेलेलं नाही. म्हणून पत्रच लिहिते. डोकं अगदी भणाणून गेलंय गं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डेल्फिन त्या त्वेटबाईंच्या रोपवाटिकेत कुंड्या धुतो हे तुला माहीत आहे. त्याचा बाप, अन्सेल्मो, हयात असतानाच त्याला तिथे लावलं होतं. एक्केचाळीस वर्षांचा झाला तरी त्याचं डोकं सावकाशच चालतं, पण कामाला कधी दांडी मारत नाही. अशा लोकांना नेहमीपेक्षा कमी पगार द्यायची परवानगी सरकारकडून मिळते, तसा कागद त्वेटबाईंकडे आहे. आम्ही कधी त्यावर बोललो नाही. मुलगा सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो, संध्याकाळी दमून येतो, चार माणसं त्याला ओळखतात, एवढंच आम्हाला पुष्कळ होतं.

आता शहराच्या सभेने ठरवलंय की अपंग आहे म्हणून ह्या शहरात कोणालाही कमी पगार देता येणार नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या सेलामने ते डेल्फिनला सांगितलं. तो घरी आला तो उड्या मारतच. मला सेलामएवढा पगार मिळणार, म्हणाला. बसच्या ड्रायव्हरला सांगितलं, चर्चच्या पायरीवर फादरना सांगितलं, शेजारच्या कोंचिंगच्या कुत्र्यालासुद्धा सांगितलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण कोंचिंग म्हणाली, दोन हजारांच्या वर गेलं की त्याचा सरकारी भत्ता बंद होतो आणि औषधपाण्याचं कार्डही जातं. दोन हजार कशाचे, महिन्याचे की वर्षाचे, ते तिला माहीत नाही. तिच्या पुतण्याचं असं झालं म्हणे. मिनिया, त्याच्या हृदयाच्या झडपेची तपासणी दर सहा महिन्यांनी असते. ते कार्ड गेलं तर मी काय विकू? माझ्याकडे विकण्याजोगा भात शिजवायचा कुकर तेवढा आहे.

तुमच्या मदरना काही कळत असेल तर विचार. प्रार्थना कर, आणि ह्या वेळी जरा स्पष्ट शब्दांत कर. लोभ आहेच, तो मठाच्या भिंतीवरून पलीकडे पोचत राहो.

तुझी मनांग
फेलिसा


॥ येशू मरिया योसेफ ॥

आयोवा, २२ एप्रिल २०१८

ती. मनांग फेलिसा हिस,
मिनियाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी मला निराळंच काहीतरी कळलं. आधी वाटलं, वाढीव पैसे शहर देणार. मग वाटलं, शहर त्वेटबाईंकडून घेऊन देणार. मग लक्षात आलं की शहर काहीच देत नाही, नुसतं सांगतं. हे बरोबर आहे का?

मदर आधी एका हॉस्पिटलात हिशेब बघायच्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, शहराचा पगार असं काही नसतंच, पगाराचा दर देशाचा असतो. त्यावर सिस्टर लोरेटा म्हणाली, असतो. इथे आयोवातच काही तालुक्यांनी आपापला दर वाढवला होता, आणि गेल्या वर्षी राज्याने तो रद्द करून टाकला. त्यावरून आम्ही असं ठरवलं की तुमचाही रद्द होईल. तेव्हा काळजी करू नकोस. (हे लिहिल्यावर मला वाटलं की डेल्फिनसाठी ही आनंदाची बातमी नाही. मग काळजी कशाची करायची आणि कशाची नाही, हे तूच ठरव.)

पगाराच्या बाबतीत मला विचारणं म्हणजे माशाला छत्रीचा भाव विचारणं आहे. मी सकाळी मिस्सेच्या प्रसादाच्या पातळ चकत्या, म्हणजे ओस्त्या, भाजते, दुपारी कापते, संध्याकाळी पुड्यांत भरते. त्या देशभर विकल्या जातात, आणि मला मिळतं दर वर्षी एक जोडी मोजे. मागच्या वर्षीच्या एका मोज्याला भोक होतं. मी तक्रार केली नाही, पण तुला सांगितलं.

झडपेसाठी रोज एक माळ जपते. स्पष्ट शब्दांत. डेल्फिनला सांग, कोकरू मीच काढलं होतं.

तुझ्या मायेची सदा गरजवंत,
मिनिया


॥ येशू मरिया योसेफ ॥

सिअ‍ॅटल, १७ मे २०१८

चि. मिनिया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कोकरू तू काढलंस हे मला ठाऊक नव्हतं. बोकडही देवाचाच असतो.

सारण भरून तळलेल्या लुंपियाचा डबा घेऊन मी त्वेटबाईंकडे गेले. मनात असं होतं की त्यांना गुपचूप म्हणावं, पगार आहे तोच राहू द्या, आम्ही कोणाला सांगणार नाही. त्या म्हणाल्या, ते आता जमणार नाही, शहर दंड करेल. मग त्यांनी मला भिंतीवर लावलेला शहराचा तक्ता दाखवला. तो बऱ्याच भाषांत आहे. मी टागालोगमधला वाचला, पण आपल्या घरची बोली वेगळी, माझं टागालोग कसं आहे ते तुला माहीत आहे. मग इंग्रजीतला वाचला. त्यानंतर बाईंनी समजावून सांगितलं. तेव्हापासून जे थोडंफार कळलं होतं तेही गेलं.

मोठ्या कंपनीचा दर वेगळा, छोट्या दुकानाचा वेगळा. छोटं दुकान आजारपणाच्या विम्याचे पैसे भरत असेल तर दर कमी चालतो. मी म्हटलं, डेल्फिनला तर सरकारी कार्ड आहे, म्हणजे त्याचा दर कमीच ना? नाही म्हणे, ते कार्ड दुकानाने दिलेलं नाही. लोक बक्षिसी देत असतील तरीही दर कमी चालतो, पण बक्षिसी धरून ठरावीक आकडा भरला पाहिजे. आता डेल्फिन कधी कधी गिऱ्हाइकांच्या गाडीत मातीची पोती ठेवतो आणि त्याला एक-दोन डॉलर मिळतात. बाईंनी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, ते माझे आहेत, तुम्हाला सांगणार नाही. मी शरमेने अर्धी झाले. सेलाम तोंड फिरवून हसत होती.

सोळाच्या आतल्या पोरांचा दर आणखी निराळा. बाईंचा भाचा सुट्टीत येतो, तो त्यात बसतो. आणि ट्रक चालवणारा वेंडेल जेवढा वेळ शहरात असतो तेवढ्याच वेळाला शहराचा दर. हद्द ओलांडली की राज्याचा. म्हणजे एकाच माणसाचं एकच काम, पुलाच्या अलीकडे एका किमतीचं आणि पलीकडे दुसऱ्या.

ते ऐकूनच बाईंना सुचलं. त्यांचं डेलियाच्या फुलांचं शेत शहराच्या हद्दीबाहेर आहे. तिथे शहराचा नियम नाही, जुना कागद अजून चालतो. डेल्फिनला तिथे पाठवलं तर पगार तोच, पाचही दिवस काम, आणि भत्त्याला धक्का नाही. त्या म्हणाल्या, खरं सांगते, नव्या दराने फक्त कुंड्या धुणारा माणूस मला परवडणार नाही. बाई लबाड नाहीत गं. हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता.

मी हो म्हटलं. सोमवारपासून वेंडेल त्याला ट्रकमधून नेतो. माझ्या जिवाला जरा शांतता मिळाली. निदान काही बदललं तरी नाही.

पत्र लिहीत जा. तुझा लोभ मला महिन्याला एकदाच मिळतो, त्यात कपात नको.

मनांग फेलिसा


॥ येशू मरिया योसेफ ॥

आयोवा, २९ मे २०१८

ती. मनांग हिस,
सा. न. वि. वि.

तुझ्या तक्त्याचं मी ओस्त्यांच्या रिकाम्या खोक्यावर चित्र काढून पाहिलं. मोठे, छोटे, विम्याचे, बक्षिसीचे, सोळाच्या आतले, पुलापलीकडचे. हे सगळे वजा करत गेलं तर साधा कामगार म्हणावा असा कोण उरतो, ते मला कळेना. सिस्टर लोरेटाने ते खोकं चुकून भरून पाठवून दिलं. कुठल्यातरी चर्चमध्ये आता तुमच्या शहराचे नियम पोचले असतील.

शेताचं ठरलं हे वाचून बरं वाटलं. म्हणजे, बरं वाटायला हवं असं वाटलं. पण मनांग, एवढ्या लांबलचक पत्रात त्वेटबाई काय म्हणाल्या ते आहे, वेंडेल, भाचा, सेलाम सगळे आहेत. डेल्फिन काय म्हणाला ते लिहायचं राहिलं का?

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
मिनिया


सिअ‍ॅटल, १० जून

प्रिय आंटी मिनिया,

नमस्कार. मी डेल्फिन. हे पत्र मी स्वतः लिहितोय. चुकलं तर तूच नीट करून वाच.

मी आता शेतावर जातो. वेंडेल मला सोडतो आणि निघून जातो. संध्याकाळी येतो. तिथे एक शेड आहे. मी कुंड्या आणि ट्रे धुतो. तिथे कोणी नाही. रेडिओ आहे, त्यावर फक्त बेसबॉल लागतं. सेलाम तिथे नाही. सेलाम मला कॉफी द्यायची. आता थर्मास आहे. ती गार होते.

पगार होता तेवढाच आहे. सेलामएवढा नाही. मी आईला विचारलं. ती म्हणाली, तुझ्या भल्यासाठी आहे. मग भात वाढला.

मी काही फोडलं नाही. एक कुंडी फुटली होती, पण ती हिवाळ्यात. आणि मी लगेच सांगितलं होतं.

वेंडेल म्हणाला की मी शहरात असलो तर जास्त पैसे द्यावे लागतात म्हणून मला शहराबाहेर ठेवलं आहे.

आंटी, तुलाही शहराबाहेर ठेवलं आहे. आई म्हणते तुलाही पगार नाही. तू काय केलं होतंस?

कोकरू छान आहे.

तुझा
डेल्फिन अगबायानी


॥ येशू मरिया योसेफ ॥

आयोवा, १८ जून २०१८

चि. डेल्फिन यास,
आंटी मिनियाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी अगदी नीट वाचलं. त्यात चुकलेलं काही नाही.

मला इथे कोणी ठेवलेलं नाही. मी स्वतः आले. आले तेव्हा मदरनी विचारलं, राहायचं आहे का? वर्षाने पुन्हा विचारलं. असं बरीच वर्षं विचारत राहिल्या. घरी जायचं असेल तर जा, असंही म्हणाल्या. मी दर वेळी राहते म्हणाले. एका वर्षी मी फार विचार करून म्हणाले, कारण त्या वर्षी मला तुझ्या आईची आणि वाळवलेल्या मासळीची फार आठवण येत होती.

तू काही केलेलं नाहीस. फुटलेल्या कुंडीचा ह्याच्याशी काही संबंध नाही. तुझ्या प्रश्नाचं बाकी उत्तर तुझ्या आईने द्यायला हवं, आणि तसं मी तिला लिहिते आहे.

तुझी, कोकरू काढणारी
आंटी मिनिया


आयोवा, त्याच दिवशी

ती. मनांग हिस,
सा. न. वि. वि.

डेल्फिनने मला पत्र पाठवलं आहे. तुला न सांगता पाठवलं असेल तर त्याला रागावू नकोस. त्याने विचारलं आहे की मी असा काय गुन्हा केला होता म्हणून मला शहराबाहेर बिनपगारी ठेवलं आहे. स्वतःचा गुन्हा त्याला सापडत नाही, म्हणून माझा विचारून पाहतो आहे.

मनांग, तू त्याच्यासाठी किती खस्ता खाल्ल्यास ते मला माहीत आहे. मी इथे येऊन बसले आणि तू एकटी पडलीस, तेही माहीत आहे. भत्ता आणि कार्ड ह्यातलं मला ओ का ठो कळत नाही. पण एक गोष्ट कळते, कारण तेवढी माझ्या बाबतीत घडलेली आहे. मी पगार सोडला, कारण सोडतेस का असं मला विचारलं होतं. त्याला कोणी विचारलं?

रागावलीस तरी पत्र लिही.
मिनिया


सिअ‍ॅटल, २७ जून २०१८

मिनिया,

तुझं पत्र मिळालं.

तुला घरभाडं नाही. तुला विजेचं बिल नाही. सकाळी घंटा वाजते, संध्याकाळी घंटा वाजते, मध्ये कोणीतरी सूप शिजवून ठेवतं. त्याच्या झडपेच्या डॉक्टरकडे मी जाते. त्या कचेरीतल्या काचेमागच्या बाईपुढे मी उभी राहते. तिने एक कागद कमी आहे म्हटलं की मी परत येते आणि पुन्हा जाते. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. मी गेल्यावर त्याच्याजवळ ते कार्ड असायलाच हवं. त्याला सेलामची कॉफी मिळते की नाही, ते मी तेव्हा बघायला नसेन.

विचारलं काय म्हणतेस. विचारून त्याला काय कळणार होतं? मलाच कळत नाही.

फेलिसा


॥ येशू मरिया योसेफ ॥

सिअ‍ॅटल, ३० जुलै २०१८

चि. मिनिया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागचं पत्र मी टपालपेटीत टाकलं आणि लगेच पेटीत हात घालून पाहिला. हात जात नाही. जाऊ दे. तू भोकाचे मोजे घालून माझ्यासाठी प्रार्थना करतेस आणि मी तुला सुपावरून बोलते.

त्या रागातच मी एके दिवशी वेंडेलच्या ट्रकमध्ये चढले. म्हटलं, बघू तरी असं काय आहे त्या शेतावर. वाटेत वेंडेल म्हणाला की हद्द आता गेली. मला काही दिसलं नाही. एक पेट्रोल पंप अलीकडे होता आणि तसलाच एक पलीकडे.

डेल्फिनने मला शेड दाखवली. पाहुण्याला दाखवावी तशी. नळाचं पाणी असं गार की भर उन्हाळ्यात माझी बोटं वाकडी झाली. तो कामाला लागला आणि मी एका उलट्या बादलीवर बसून राहिले. तासभर कोणी आलं नाही. लांबवर एक ट्रॅक्टर तेवढा चालला होता. मग मी विचारलं. मिनिया, मी ते तुझ्यासाठी विचारलं, तुला लिहिता यावं म्हणून. म्हटलं, डेल्फिन, तुला हे काम आवडतं का?

त्याने नळ बंद केला. म्हणाला, "नाही. कुंड्या मला कधीच आवडल्या नाहीत."

मला वाटलं त्याला शेतावरचं म्हणायचं आहे. पण नाही, पहिल्या दिवसापासूनचं म्हणायचं होतं. हात दुखतात, हातमोज्यांत पाणी जातं. मी म्हटलं, मग रोज उठून जात कशाला होतास? तर म्हणे, तू डबा भरायचीस म्हणून.



त्यानंतर सेलामने एक पत्ता दिला, तिथे फुकट कायद्याचा सल्ला देतात. आम्ही दोघं गेलो. वकील म्हणजे अगदी कोवळी मुलगी होती. तिने डेल्फिनला काही विचारलं की उत्तर मी द्यायची. थोड्या वेळाने ती अगदी गोडीने म्हणाली की बाहेर चहाचं यंत्र चांगलं आहे. मला समजायला वेळ लागला. मी बाहेर जाऊन चहा घेतला. चांगला नव्हता.

मग तिने मला आत बोलावून सांगितलं, ते जमेल तसं लिहिते. तूही जमेल तसं समजून घे. कोंचिंगचे दोन हजार हे मिळवायचे नसून साठवायचे आहेत, म्हणजे तेवढ्याहून जास्त बँकेत पडून राहता कामा नये. कमावले आणि खर्च केले तर चालतात. पगार वाढला की भत्ता कमी होतो, पण जेवढा पगार वाढला तेवढा नाही, साधारण निम्म्याने. म्हणजे काम करून तोटा होत नाही. आणि नोकरीमुळे भत्ता शून्यावर आला तरी औषधाचं कार्ड लगेच जात नाही, त्यासाठी वेगळा नियम आहे. हे मी तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं आणि तिच्याकडून लिहून घेतलं. कोंचिंगला दाखवलं तर ती म्हणाली, मग माझ्या पुतण्याचं काय झालं होतं? ते कोणालाच माहीत नाही.

शेवटी तिने विचारलं की डेल्फिन घरी राहण्या-जेवण्याचे पैसे देतो का. मला तो अपमानच वाटला. म्हटलं, आमच्यात मुलाकडून जेवणाचे पैसे घेत नाहीत. ती म्हणाली, म्हणूनच त्याचा भत्ता आजवर कापून येत होता. फुकट राहतो-जेवतो असं धरून तिसरा हिस्सा कापतात. त्याने आपल्या वाट्याचे पैसे दिले तर ते कापणार नाहीत. मिनिया, हे मला अजूनही उमगलेलं नाही. तो मला पैसे देईल, म्हणून सरकार त्याला जास्त देईल? मग मी इतकी वर्षं त्याला फुकट वाढत होते, त्याने त्याचंच नुकसान होत होतं?

मग आम्ही त्वेटबाईंकडे गेलो. ह्या वेळी लुंपिया नेले नाहीत. डेल्फिनने घरी घोकलं होतं ते तो उभ्यानेच म्हणाला: "मला शहरात काम करायचं आहे. कुंड्या नको. रोपांना पाणी घालीन आणि गाड्यांत पोती ठेवीन. पगार सेलामएवढा."

बाईंनी कामाचं वेळापत्रक काढून पाहिलं. मग म्हणाल्या, पाच दिवस नाही जमणार, चार जमतील. उन्हाळाभर पाहू, जमलं नाही तर स्पष्ट सांगेन. मी घाईने हो म्हणणार होते. पण ओठ मिटून डेल्फिनकडे पाहिलं. त्याने विचार केला. त्याला विचार करायला फार वेळ लागतो, तुला माहीत आहे. मग त्याने विचारलं की पाचवा दिवस कुठला. बाई म्हणाल्या, बुधवार. तो म्हणाला, चालेल.

तुझा राग आता उतरला असेल तर कळव. नसेल तर तोही कळव.

तुझी
मनांग फेलिसा


॥ येशू मरिया योसेफ ॥

आयोवा, १५ ऑगस्ट २०१८

ती. मनांग हिस,
सा. न. वि. वि.

राग माझा नव्हताच, तुझा होता. तो तू टपालपेटीत टाकलास आणि मी इथे उघडला, एवढंच. सुपाचं म्हणशील तर ते खरोखर वाईट असतं.

भत्त्याचं प्रकरण मी रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांना वाचून दाखवलं. मदर म्हणाल्या, समजलं. सिस्टर लोरेटाने त्यांना समजावून सांगायला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मौनाची वेळ झाली.

चार दिवसांचा पूर्ण पगार हा पाच दिवसांच्या जुन्या पगाराहून जास्त की कमी? आणि बाईंनी उन्हाळ्यानंतर नाही म्हटलं तर? ह्या दोन प्रश्नांनी माझं ध्यान विचलित होतं. पापनिवेदनात तसं सांगितलं. फादर म्हणाले, कळलं की मलाही सांगा.

तुझ्या वडीलपणाच्या सावलीतली,
मिनिया


॥ येशू मरिया योसेफ ॥

सिअ‍ॅटल, १४ ऑक्टोबर २०१८

चि. मिनिया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फादरना सांग, जास्त. पुष्कळ जास्त. भत्ता कमी झाला तो धरूनही हातात जास्तच येतात. किती येणार ते मात्र दर महिन्याला निराळं निघतं, आणि त्याबद्दल कचेरीतून जे पत्र येतं ते आधीच्या पत्राला खोटं पाडतं. मी ती सगळी बिस्किटाच्या डब्यात ठेवते आणि वकील मुलीकडे नेते. औषधाचं कार्ड आहे. झडपेची तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले ठीक आहे.

उन्हाळा संपला तरी त्वेटबाईंनी नाही म्हटलेलं नाही. अगदी हो असंही म्हटलेलं नाही. डेल्फिनने ऑगस्टमध्ये निवडुंगाचा एक पूर्ण ट्रे पाणी घालून घालून कुजवला. बाई भडकल्या. त्याला सेलामसमोर झापलं आणि निवडुंगाजवळ पाट्या लावल्या. तो घरी येऊन दोन दिवस मान खाली घालून बसला. मला वाटलं संपलं. पण तिसऱ्या दिवशी गेला. आता निवडुंगाला सेलाम पाणी घालते आणि तिची पोती तो उचलतो. पुढच्या वर्षी धंदा कसा होतो त्यावर पाहू, असं बाई म्हणतात. सगळ्यांनाच तसं म्हणतात.

कुंड्या कोण धुतं विचारशील तर तो भाचा. सोळाच्या आतल्या दराने. तो फार कुरकुरतो.

आता घरचं. वकील मुलीने सांगितल्याप्रमाणे डेल्फिन पहिल्या तारखेला मला राहण्या-जेवण्याचे पैसे देतो. पहिल्यांदा त्याने ते टेबलावर ठेवले तेव्हा मी हातच लावला नाही. अन्सेल्मोच्या फोटोकडे पाहावेना. डेल्फिन तसाच उभा राहिला. शेवटी घेतले, कारण नाहीतर तो कामाला निघेना. पावती हवी म्हणाला, तीही दिली.

परवा मी पिनकबेटची भाजी केली होती, आपली आई करायची तशीच, भरपूर कारलं घालून. त्याने ताटातल्या कारल्याच्या फोडी एकेक करून कडेला काढल्या आणि म्हणाला की मला कारलं आवडत नाही. चाळीस वर्षं मी त्या पोराला कारलं घालते आहे, आणि त्याने कधी शब्द काढला नाही. मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?

तो म्हणाला, "आधी मी पाहुणा होतो."

मी उठून त्याला दोन अंडी तळून दिली. कारलं मी खाल्लं.

मोज्यांची एक जोडी वेगळ्या पुडक्यात पाठवते आहे. लोकरीचे आहेत. घालायची परवानगी हवी असेल तर माग, मिळाली नाही तर मला कळव. आमच्या दोघांवर लोभ ठेव, दोघांवर सारखा.

तुझी
मनांग फेलिसा